विजेची परतीची वाट
वायरिंग शिकणाऱ्या तरुणांस व त्यांच्या घरच्या मंडळींस उपयुक्त अशीं कांहीं मूलतत्त्वें

कळवण हा नाशिक जिल्ह्यांतील डोंगराळ तालुका. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यांत. गिरणेवरील चणकापूरचें धरणही इकडचेंच. कांदा, डाळिंब आणि विहिरीवरील पंप यांवर येथील पुष्कळांचा संसार चालतो. पंप आला कीं मोटर आली, मोटर आली कीं स्टार्टर, तारा आणि डीपी हीं ओघानेंच येतात. ज्या गांवांतून कंदिलाची कांच पुसणें हें एके काळीं तिन्हीसांजेचें नेमाचें काम असे, त्या गांवांतील घरांत आतां मिक्सर, फ्रीज, पाणी तापविण्याचा गीझर आणि कपडे धुण्याचें यंत्र हीं नांदत आहेत. गडावर तर देवीच्या दर्शनास जाणाऱ्या वृद्धांस २०१८ सालापासून विजेच्या बळावर चालणारी ट्रॉलीच वर नेऊन पोंचविते. एवढा पसारा उभारावयाचा व राखावयाचा म्हणजे तें काम जाणणारीं माणसें हवींत. कळवणास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. ज्यांस अशा संस्थेंत जातां येत नाहीं ते एखाद्या जुन्या वायरमनच्या मागें हत्यारांची पिशवी घेऊन हिंडतात आणि पाहून पाहून शिकतात.

पाहून शिकणें वाईट नव्हे. परंतु त्यांत हात आधीं शिकतो आणि बुद्धि मागें राहते. तांबडी तार तांबडीस व काळी काळीस जोडावी हें मुलगा चार दिवसांत शिकतो. पण बटण तांबड्या तारेवरच कां घालावयाचें, असें विचारलें तर तो गप्प बसतो. त्या 'कां'चें उत्तर ठाऊक नसलें म्हणून दिवा लागावयाचा राहत नाहीं. मात्र एखाद्याचा जीव त्यावांचून जाऊं शकतो. म्हणून हा लेख. ज्यांना वायरिंग शिकावयाचें नाहीं अशा वाचकांनींही तो वाचावा अशी आमची विनंति आहे. काम करणारा दोन दिवसांत निघून जातो. त्या तारांच्या संगतींत वर्षानुवर्षें राहावें लागतें तें कुटुंबाला.

दाब, प्रवाह आणि रोध

'विद्युत्' हा शब्द चमकणें या अर्थाच्या 'द्युत्' धातूपासून झालेला आहे. आपल्या पूर्वजांस आकाशांतील वीज ठाऊक होती, आणि घासला असतां गवताची काडी ओढून घेणारा मणिही ठाऊक होता. त्यास संस्कृतांत 'तृणमणि' असें अन्वर्थक नांव आहे. ग्रीक लोक त्याच मण्यास 'इलेक्ट्रॉन' म्हणत. इंग्लंडांतील विल्यम गिल्बर्ट या वैद्यानें १६०० सालीं आपल्या लॅटिन ग्रंथांत त्या शब्दावरून नवें विशेषण घडविलें, आणि आजचा 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द त्याचाच वंशज आहे. तथापि वीज सतत वाहती ठेवण्याचें साधन मनुष्याच्या हातीं आलें तें १८०० सालीं, इटलींतील व्होल्टा यानें पहिली बॅटरी रचली तेव्हां. वायरिंगचें सारें शास्त्र हें या वाहत्या विजेचें शास्त्र आहे.

नाशिक-धुळ्याकडील शेतकऱ्यास पाटाचें पाणी नवें नाहीं. फडास पाणी देणारा पाटकरी एक गोष्ट पक्की जाणतो. उतार अधिक असला तर पाण्यास जोर अधिक. आणि चारी अरुंद असली किंवा गवतानें भरली असली तर उतार तोच असूनही पाणी कमी येतें. विजेचेंही तसेंच आहे. उतारासारखा जो जोर, त्यास विजेचा दाब म्हणतात. त्याचें माप व्होल्ट. तारेंतून दर सेकंदास जितकी वीज वाहते तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. आणि वाटेंत होणारी जी अडवणूक तो रोध. त्याचें माप ओहम. जर्मनींत कोलोन येथील एका शाळेंत गणित शिकविणारे गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं या तिहींचा संबंध प्रसिद्ध केला : दाबास रोधानें भागलें असतां प्रवाह येतो.

आपल्या घरांत येणारा दाब सुमारें २३० व्होल्ट असतो. एखाद्या उपकरणाचा रोध २३ ओहम असेल तर त्यांतून १० अँपिअर वाहतील. ४६ ओहम असेल तर ५. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॉट. उपकरणावर वॉटांचा आंकडा छापलेला असतोच. त्यास २३० नें भागलें कीं प्रवाह कळतो. जुन्या पद्धतीच्या ६० वॉटांच्या दिव्यास सुमारें पाव अँपिअर लागतो, तर २,००० वॉटांच्या गीझरला जवळजवळ पावणेनऊ. हा पाव अँपिअर वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

वीज सांडत नाहीं

पाण्याचा दृष्टांत मात्र येथेंच सोडला पाहिजे. चारी फुटली तर पाणी बाहेर सांडतें आणि वाहतच राहतें. तार तुटली तर वीज सांडत नाहीं, ती थांबते. कारण जेथून निघाली तेथें परत जाण्यास वाट असेल तरच वीज वाहते. या जाण्यायेण्याच्या पुऱ्या वाटेस मंडल म्हणतात. आमच्या मतें नवशिक्यानें शिकावयाचें पहिलें आणि शेवटचें तत्त्व हेंच. वायरिंगचे बाकीचे सर्व नियम यांतून निघतात.

गांवाबाहेरच्या डीपीकडे पाहावें. तिच्या वरच्या बाजूस ११,००० व्होल्टांच्या तीन तारा येतात. खालच्या बाजूनें चार निघतात : तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. कोणत्याही दोन फेजांमधला दाब सुमारें ४०० व्होल्ट, आणि फेज व न्यूट्रल यांमधला सुमारें २३०. शेतावरच्या मोटरीला तिन्ही फेज लागतात. घराला बहुधा एक फेज आणि न्यूट्रल पुरे होतो. फेज वीज आणतो, न्यूट्रल परत नेतो, असें म्हणणें सोयीचें आहे. वस्तुतः हा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करीत दिशा पालटत असतो. परंतु वाट पुरी हवी हा नियम त्यामुळें ढळत नाहीं.

डीपीच्या पोटांत वरचें वेटोळें आणि खालचें वेटोळें हीं एकमेकांस तारेनें जोडलेलीं नसतात. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेल्या नियमानें, एका वेटोळ्यांतील प्रवाहाच्या चढउतारामुळें दुसऱ्यांत वीज उत्पन्न होते. म्हणून आपल्या घरचें मंडल डीपीपाशींच पुरें होतें. तिच्यापलीकडे दुसरीं मंडलें आहेत. तीं उपकेंद्रांतून थेट नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रापर्यंत, कोयनेपर्यंत आणि त्याहूनही दूर पसरलेलीं आहेत. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत्‌केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस १९१५ सालीं वीज मिळूं लागली. राज्याचें वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें आणि २००५ सालीं त्याचे भाग होऊन वितरणाचें काम महावितरणाकडे आलें. एवढा मोठा विस्तार झाला. पण आपल्या घरच्या बटणापाशीं जो नियम चालतो तोच या सर्व विस्तारांत चालतो.

आतां एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. डीपीवरचा न्यूट्रल जमिनींत पुरलेल्या नळीशीं किंवा पत्र्याशीं जोडलेला असतो. म्हणजे विजेला परत जाण्यास न्यूट्रलची तार ही एकच वाट नाहीं. आपण जिच्यावर उभे राहतों ती भूमि ही तिची दुसरी वाट आहे. तारेवर बसलेल्या चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, तिच्या देहांतून परतीची वाट नसते, म्हणून तिला कांहीं होत नाहीं. मनुष्य मात्र अनवाणी पायानें जमिनीवर उभा राहून फेजला हात लावतो आणि मंडल आपल्या देहानें पुरें करतो.

बटण फेजवरच कां, याचें उत्तर येथें मिळतें. बटण न्यूट्रलवर घातलें तरी दिवा लागेल आणि विझेलही. मंडल कोठेंही तोडलें तरी प्रवाह थांबतोच. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत फेज येऊन उभा असेल. घरांतील कोणी बटण बंद आहे अशा भरवंशावर दिवा बदलावयास चढेल, त्याचें बोट आंतल्या खिळीस लागेल, आणि परतीची वाट त्याच्या अंगांतून निघेल. दिवा विझला म्हणजे वीज गेली असें नव्हे. म्हणून बटण बंद केल्यावरही टेस्टर लावून पाहिल्यावांचून तारेस हात घालूं नये. तांबडी, पिवळी व निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची, हा संकेत पाळण्याचें कारणही हेंच. पुढें दहा वर्षांनीं ती पेटी उघडणारा मनुष्य आपणांस ओळखत नसतो. तो रंगांवर विश्वास ठेवून हात घालतो.

तार कां तापते

प्रवाह रोधांतून जातांना उष्णता उत्पन्न होते. जेम्स जूल यांनीं १८४१ सालीं तिचा नियम प्रसिद्ध केला : प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. इस्त्री व गीझर याच नियमावर चालतात, आणि घरें जळतात तींही याच नियमानें.

जुन्या वाड्यांतील वायरिंग चार दिवे व दोन पंखे यांच्या हिशेबानें झालेलें असतें. सागवानी तुळयांवरून लाकडी पट्टी नेलेली, तीवर बारीक तार, आणि तारेवरचें आवरण कालांतरानें ठिसूळ झालेलें. त्याच तारेवर कोणी गीझर जोडतो, कोणी इस्त्री. चार अँपिअरांच्या जागीं बारा वाहूं लागले म्हणजे उष्णता नऊपट झाली; आणि ती भिंतींत व लाकडांत, कोणाच्या दृष्टीस न पडतां. म्हणून दिव्यांस दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या सॉकेटांस अडीचची, आणि गीझर अथवा वातानुकूलन यंत्र यांस चारची तांब्याची तार स्वतंत्रपणें पेटीपासून नेण्याचा प्रघात आहे. जाड तारेचा रोध कमी, म्हणून ती कमी तापते. इतकें साधें कारण आहे.

सैल जोडाचेंही असेंच. दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली तर त्या एका ठिकाणीं रोध वाढतो, आणि सारी उष्णता त्या बोटभर जागेंत सांठते. सॉकेट काळें पडणें, बटणाजवळ जळका वास येणें, पंखा चालूं असतां दिवा लुकलुकणें हीं बहुधा सैल जोडाचीं चिन्हें असतात. घरच्या गृहिणीच्या तीं प्रथम लक्षांत येतात. तिनें सांगितलें असतां "होईल सावकाश" म्हणून टाळूं नये.

फ्यूज कोणाचें रक्षण करतो

ठराविक प्रवाहाहून अधिक वाहूं लागला कीं वितळून मंडल तोडणारी बारीक तार म्हणजे फ्यूज. हल्लींचा एमसीबी तेंच काम दोन रीतींनीं करतो. प्रवाह थोडा अधिक असेल तर आंतली दोन धातूंची पट्टी तापून वांकते व खटका पाडते. एकदम पुष्कळ वाढला तर प्रवाहानेंच उत्पन्न झालेलें चुंबक खटका तात्काळ ओढतें. प्रवाहापासून चुंबकत्व निर्माण होतें हें डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनीं १८२० सालीं दाखविलें. त्यांचा शोध आज प्रत्येक घरच्या पेटींत काम करीत आहे.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागीं जाड तार बांधण्याची खोड पुष्कळ घरांत आढळते. रखवालदार फार हांका मारतो म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखें हें आहे. परंतु याहूनही घातक असा एक गैरसमज शिकल्यासवरल्या मंडळींतही रूढ आहे. घरांत फ्यूज आहे, एमसीबी आहे, तेव्हां माणसाला धोका नाहीं, असें ते समजतात. थोडा हिशेब करून पाहूं.

कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो. पण अंग भिजलेलें असलें कीं हातापासून पायापर्यंतचा रोध हजार ओहमपर्यंत उतरूं शकतो. स्नान करून ओलेत्यानें, अनवाणी, ओल्या फरशीवर उभें राहून देवघरांतलें बटण दाबणाऱ्या आजोबांची स्थिति हीच. २३० व्होल्टांस १,००० ओहमांनीं भागलें तर ०.२३ अँपिअर येतात. वर जो पाव अँपिअर लक्षांत ठेवावयास सांगितला तो आतां आठवावा. मनुष्याचा प्राण घेणारा प्रवाह एका ६० वॉटांच्या दिव्याच्या प्रवाहाहून अधिक नसतो. १६ अँपिअरांचा एमसीबी त्यामुळें हालणारही नाहीं. त्याच्या दृष्टीनें घरांत आणखी एक दिवा लागला इतकेंच. फ्यूज व एमसीबी हे तारांचे रक्षक आहेत, माणसांचे नव्हेत.

माणसाचें रक्षण करणारीं साधनें दोन : अर्थिंग आणि आरसीसीबी.

अर्थिंग

मोटरीच्या किंवा फ्रीजच्या आंत फेजची तार आवरण झिजून बाहेरच्या लोखंडी अंगास लागली, तर तें सारें यंत्र फेज बनतें. यंत्र चालूं असतें, पाहणारास कांहींच कळत नाहीं. तें आपल्याला परतीची वाट देणाराची वाट पाहत उभें असतें. अर्थिंग म्हणजे त्या लोखंडी अंगाला आधींच एक सोपी परतीची वाट करून देणें. रोध २ ओहमांचा असेल, तर बाकीचा रोध सोडून दिल्यास ११५ अँपिअर वाहूं पाहतील आणि फ्यूज तत्काळ जाईल. तोच रोध ५० ओहम असला तर केवळ ४.६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरांचा फ्यूज जागचा हलणार नाहीं, आणि यंत्र तसेंच प्राणघातक राहील. नुसती हिरवी तार दिसते म्हणून अर्थिंग आहे असें मानूं नये; तें मापून पाहावें.

सह्याद्रीच्या या भागांत वर मुरूम आणि खालीं काळा पाषाण. चैत्र-वैशाखांत जमीन वाळली कीं तिचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांत नळी किंवा पत्रा पुरून भोंवतीं कोळसा व मीठ घालण्याची जुनी रीत आहे. आणि उन्हाळ्यांत तेथें अधूनमधून पाणी घालावें. घरांत तुळशीला रोज पाणी घातलें जातें. दोन तांबे त्या खड्ड्यासही मिळावेत. तीन पिनांच्या प्लगमध्यें वरची पिन लांब व जाड असते ती अर्थचीच. ती सर्वांआधीं जोडली जावी व सर्वांमागून सुटावी, म्हणून तिची लांबी अधिक. ती तोडून दोन पिनांवर काम भागविणें म्हणजे ही योजना हातानें मोडणें होय.

दोन कुचालींचा उल्लेख करणें भाग आहे. अर्थची तार न नेतां सॉकेटांतील अर्थ न्यूट्रललाच जोडून देणें ही पहिली. न्यूट्रल कोठें तुटला कीं उपकरणाचें लोखंडी अंग त्याच क्षणीं फेज होतें. शेतावर न्यूट्रल नसला म्हणजे फेज आणि जमिनींत ठोकलेली सळई यांवर दिवा लावणें ही दुसरी. दिवा लागतो खरा. पण सळईभोंवतींची ओली जमीन विजेनें भारली जाते, आणि तेथें पाय ठेवणारें गुरूं असो वा मूल असो, त्यास धोका उत्पन्न होतो. पंपास पुष्कळ ठिकाणीं आळीपाळीनें, कधीं रात्रींही वीज मिळते. अंधारांत, चिखलांत, ओल्या हातानें स्टार्टर चाचपणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाची किंमत दिव्याच्या सोयीहून खचित मोठी आहे. ऑटो स्विच बसविलेला असेल तर वीज येतांच मोटर आपण होऊन सुरू होते; म्हणून दुरुस्तीपूर्वीं मुख्य खटका पाडलाच पाहिजे.

आरसीसीबी हें तारतम्य जाणणारें यंत्र आहे. फेजनें किती गेलें आणि न्यूट्रलनें किती परत आलें, याची तें अहोरात्र तुलना करतें. जमाखर्च जुळत असेल तोंवर स्वस्थ राहतें. कांहीं प्रवाह भलत्याच वाटेनें, म्हणजे कोणाच्या देहांतून किंवा ओल्या भिंतींतून, जमिनींत गेला तर हिशेबांत तूट येते, ती ०.०३ अँपिअरच्या आंतच असतां घरगुती आरसीसीबी सेकंदाच्या अल्पांशांत मंडल तोडतो. ज्या पाव अँपिअरची एमसीबी दखलही घेत नाहीं, त्याच्या आठव्या हिश्शासही हा जागा होतो. मात्र फेज व न्यूट्रल या दोहोंना एकदम हात लावणारास तो वाचवूं शकत नाहीं, कारण तेथें हिशेब जुळलेलाच असतो. त्यावर चांचणीचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें. खटका पडला नाहीं तर तें यंत्र निरुपयोगी समजून बदलावें.

कोणास शॉक बसून तो चिकटलेला दिसला तर धांवत जाऊन त्यास धरूं नये. धरणाराही त्याच मंडलांत सांपडतो. आधीं मुख्य खटका पाडावा. तें शक्य नसल्यास कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लाकडानें तार दूर सारावी. हें घरगुती दाबापुरतेंच. ११,००० व्होल्टांच्या तारेच्या जवळही जाऊं नये. मनुष्य सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देण्याचा उपचार तत्काळ सुरू करून रुग्णालयाची गाडी बोलवावी. घरांतील एकदोघांनीं तरी तो उपचार शिकून ठेवावा.

हातांचें काम

शेवटीं आमच्या वाचकवर्गास एक गोष्ट मोकळेपणानें सांगावयाची आहे. आपल्या घरांतून हातांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टि अजून पुरती निवळलेली नाहीं. मुलगा विजेचा इंजिनिअर झाला तर पेढे वांटतात, आणि वीजतंत्री किंवा तारतंत्री यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतों म्हणाला तर घर गप्प होतें. वस्तुतः ओहमचा नियम दोघांस सारखाच आहे, आणि वायरमनला तर त्याची परीक्षा रोज द्यावी लागते. त्या परीक्षेंत नापास होण्याची शिक्षा दुसऱ्या कोणास भोगावी लागते, इतकाच फरक. ज्या घरांत व्याकरणाच्या एका मात्रेवर वाद होत, त्या घरांतील मुलास अथवा मुलीस या कामांतील काटेकोरपणा उपजतच रुचावा. ज्यास गोडी असेल त्यास अडवूं नये. त्यानें रीतसर शिकून परवाना घ्यावा, आणि तोंवर जाणत्याच्या देखरेखीखालींच हात घालावा.

आणि ज्यांस तें शिकावयाचें नाहीं त्यांनींही एवढें करावें. परवानाधारक माणसाला बोलावून अर्थिंगचा रोध मापून घ्यावा. पेटींत आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. प्रत्येक बटण फेजवरच आहे कीं नाहीं हें तपासून घ्यावें. एकत्र कुटुंबाच्या घरांत या तिहींस येणारा खर्च एखाद्या सणाच्या खर्चाहून फारसा अधिक होणार नाहीं. विजेला परतीची वाट हवी असते आणि ती तिला मिळतेच. ती आपण तांब्याच्या तारेनें आंखून द्यावी, म्हणजे ती घरच्या माणसांतून शोधण्याची तिला गरज पडणार नाहीं.